राजहंसगडावरून अख्खं शिवार एका फोटोत: पॅनोरमा आणि जोडफोटो नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

राजहंसगडाच्या तटावर उभं राहिलं की येळ्ळूरची भातशेती, त्यापलीकडं बेळगाव शहर आणि उरलेल्या बाजूंना डोंगर असा सगळा ऐवज एकदम समोर येतो. कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये त्यातला चतकोरच मावतो. वाइड लेन्स लावली तर सगळं मावतं, पण डोंगर इतके बारके होतात की टेकाडं वाटावीत. त्यापेक्षा नेहमीच्या लेन्सनं शेजारशेजारचे पाच-सहा फोटो काढायचे आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर जोडायचे. हा पॅनोरमा. वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या ठिकाणी काढलेल्या फोटोंतले भाग एकत्र बसवून एकच चित्र केलं की त्याला कंपोझिट म्हणतात. या लेखात मी त्याला जोडफोटो म्हणणार आहे.

नवीन शिकणारा पहिला प्रश्न विचारतो तो सॉफ्टवेअरचा. कुठलं चांगलं, मोबाईलवर होतं का, फुकट मिळतं का. त्याची उत्तरं पुढं येतील, पण आधी एक सांगून ठेवतो: जोड दिसते ती बहुतेक वेळा फोटो काढतानाच्या गडबडीमुळं. जागेवर पुढं सांगितलेल्या गोष्टी नीट केल्या तर फुकटातलं सॉफ्टवेअरसुद्धा दोन मिनिटांत काम करून देतं. जागेवर ढिलाई केली तर महागडं सॉफ्टवेअर घेऊन रात्रभर बसलात तरी भिंत वाकडीच राहते.

गडावर जाण्याआधी

कॅमेरा कुठलाही चालेल, फक्त त्यात मॅन्युअल मोड हवा. मोबाईल असेल तर प्रो मोड बघा; त्यात शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेड किती जोरानं टिपतो) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणं रंग कसे धरायचे) हातानं ठरवता येतात. ट्रायपॉड असेल तर उत्तम, नसेल तर पहिल्या दिवशी अडत नाही. लेन्स १८-५५ मिलिमीटरची, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स असली तरी ती १८वर ठेवू नका. कडेला सरळ रेषा फुगतात आणि कोपरे काळवंडतात. ३५च्या आसपास ठेवा आणि झूमच्या रिंगला कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकून फिरणार नाही. आकाश निळं यावं म्हणून पोलरायझर लावला असेल तर तो काढून बॅगेत टाका. सूर्यापासूनच्या कोनाप्रमाणं त्याचा परिणाम कमीजास्त होतो, त्यामुळं रुंद पॅनोरमात आकाशाचा मधलाच पट्टा गडद निळा दिसतो आणि तो नंतर निघता निघत नाही.

सुरुवात राजहंसगडासारख्या उंच, मोकळ्या जागेवरूनच करा. तिथं समोरचं सगळं लांब आहे, आणि लांबचं जोडणं सोपं असतं. देवळाचा सभामंडप, घराची पडवी, खडेबाजारातली गल्ली हे सगळं दुसऱ्या धड्याचं काम. कारण खाली येतंच.

पहिला पॅनोरमा

सकाळी ऊन तिरकं असताना पोचा. आधी फोटो न काढता एकदा कुठून कुठपर्यंत चित्र हवंय ते डोळ्यांनी ठरवा. मग त्या सगळ्या पट्ट्यातला सर्वांत उजळ भाग शोधा. बहुतेक वेळा सूर्याच्या बाजूचं आकाश. तो भाग पांढरा फटक पडणार नाही असं एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ठरवा आणि मॅन्युअल मोडमध्ये तेच कायम ठेवा. एफ ८ (लेन्सचं छिद्र किती उघडायचं त्याचा आकडा), आयएसओ १०० किंवा २००, शटर त्यानुसार. पुढच्या सगळ्या फ्रेमसाठी एकही आकडा हलवायचा नाही. ऑटोवर सोडलं की कॅमेरा प्रत्येक फ्रेमला वेगळा विचार करतो. शिवाराकडं वळला की उजेड वाढवतो, आकाशाकडं वळला की कमी करतो, आणि जोडल्यावर आकाशात उभे पट्टे उमटतात.

व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा. फोकस एकदा लांबच्या डोंगरावर घ्या आणि मग लेन्सचं बटण मॅन्युअलवर सरकवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर फारच छान, पण फक्त जेपीजी येत असेल तर त्यासाठी थांबू नका.

आता कॅमेरा उभा धरा. आडवं चित्र हवंय आणि कॅमेरा उभा का, असं प्रत्येकजण विचारतो. हिशेब बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फ्रेम ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. उभा धरला की उंची ६००० मिळते. जोडल्यावर वरखाली वेड्यावाकड्या कडा कापाव्या लागतात, तरी ५००० उरते. आपल्याकडं लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंच असतं, म्हणजे उंचीच्या तिप्पट रुंदी. ५००० उंचीला १५००० रुंदी हवी. पहिली फ्रेम ४००० देते, पुढची प्रत्येक फ्रेम एक तृतीयांश भाग मागच्या फ्रेमवर चढल्यामुळं साधारण २६६७ची भर घालते. पाच फ्रेममध्ये १४६६८ होतात, जरा कमी पडतात. सहा काढल्या की काम भागतं आणि कडा कापायलाही जागा राहते. ३०० डीपीआयनं (दर इंचाला ३०० ठिपके) १२ बाय ३६ छापायला १०८०० बाय ३६०० लागतात, म्हणजे तुमच्याकडं भरपूर शिल्लक आहे. आडव्या फ्रेम जोडल्या असत्या तर उंचीलाच मार बसला असता.

फ्रेम एकमेकींवर एक तृतीयांश चढायला हव्यात. हे डोळ्यानं जमवायची साधी रीत अशी: पहिल्या फ्रेमच्या उजव्या भागात एखादी खूण पकडा, एकटं झाड, टॉवर, कौलारू घर. दुसऱ्या फ्रेममध्ये तीच खूण डाव्या भागात आली पाहिजे. मग उजवीकडं नवी खूण, आणि पुढं तसंच. डावीकडून उजवीकडं एकाच दिशेनं जा. मालिका सुरू करण्याआधी आणि संपल्यावर स्वतःच्या तळहाताचा एकेक फोटो काढून ठेवा. घरी कार्ड उघडल्यावर शंभर सारख्या दिसणाऱ्या फोटोंत एक पॅनोरमा कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते लगेच कळतं.

हातात धरून काढत असाल तर पाय हलवू नका, कमरेतून वळा, आणि क्षितिजाची रेघ प्रत्येक फ्रेममध्ये साधारण एकाच उंचीवर ठेवा. ती दर फ्रेमला खाली सरकत गेली तर जोडलेलं चित्र जिन्यासारखं उतरत जातं आणि कापता कापता निम्मं आकाश जातं.

वारा असेल तर झटपट उरका. भात डुलतं, ढग सरकतात. सहा फ्रेम अर्ध्या मिनिटाच्या आत झाल्या पाहिजेत. पावसाळ्यात जांबोटी किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला गेलात तर दुसरीच अडचण येते: धुकं. सॉफ्टवेअर दोन फोटोंतल्या सारख्या खुणा शोधून जोडतं, आणि कोऱ्या पांढऱ्या धुक्यात शोधायला खूणच नसते. तिथं जोडाच्या प्रत्येक भागात एखादं झाड, दगड, रस्त्याची कड अशी काहीतरी ठसठशीत वस्तू येईल अशा बेतानं फ्रेम धरा.

जवळचं काही आलं की

एक डोळा मिटा. हात लांब करून अंगठा समोर धरा आणि मान डावी-उजवीकडं वळवा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकल्यासारखा दिसतो. मान वळते तेव्हा डोळासुद्धा थोडा जागा सोडतो, म्हणून हे होतं. कॅमेरा वळवताना लेन्सचंही असंच होतं. याला पॅरलॅक्स म्हणतात. राजहंसगडावर समोरचं सगळं किलोमीटरभर लांब असल्यानं हा सरक कळत नाही. पण हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात खांब चार फुटांवर आणि गाभारा त्याच्या मागं अशी फ्रेम लावलीत की एका फोटोत खांबाआड दार दिसतं, दुसऱ्यात दिसत नाही. सॉफ्टवेअरनं काय जोडायचं? मग खांब दुभंगतो किंवा पायरीचा दगड मध्येच तुटतो.

उपाय असा की कॅमेरा स्वतःच्या मध्याभोवती न फिरवता लेन्सच्या आत ज्या बिंदूतून किरणं येतात, त्या बिंदूभोवती फिरवायचा. लेन्समध्ये समोरून बघितलं की आतलं छिद्र जिथं असल्यासारखं दिसतं, साधारण तिथं हा बिंदू असतो. त्यासाठी पॅनोरमा हेड नावाचं उपकरण मिळतं, पण सुरुवातीला इतका खर्च करायची गरज नाही. गवंड्याचा ओळंबा आहे ना, तसलंच काम दोऱ्याला बांधलेली एक नट करते. दोरा लेन्सच्या त्या जागेखाली रबर बँडनं अडकवा, नट जमिनीपासून बोटभर वर लोंबू द्या, आणि फरशीवर खडूनं एक फुली मारा. देवळात खडूऐवजी एक नाणं ठेवा. प्रत्येक फ्रेम काढताना नट फुलीवर असली पाहिजे. म्हणजे तुम्ही कॅमेऱ्याभोवती फिरता, कॅमेरा तुमच्याभोवती नाही. मोबाईललाही हेच लागू. मोबाईल हात लांब करून धरायचा आणि स्वतः गोल फिरायचं, ही सवय मोडली तर मोबाईलच्या तयार पॅनोरमा मोडमधले निम्मे दोष जातात.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जैन मंदिरात, छताला मधोमध दगडी कमळ आहे. ते एका फ्रेममध्ये येतं, पण भोवतालच्या कोरीव कामासकट घ्यायचं तर वर बघत पॅनोरमा करावा लागतो. पुष्कळ जण कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवतात आणि थोडा थोडा सरकवत फोटो घेतात. सपाट छत असतं तर हे चाललं असतं. हे कमळ छतापासून खाली उतरलेलं आहे, त्यामुळं कॅमेरा सरकवला की पाकळ्या आणि मागचं छत एकमेकांना सोडून जातात. कॅमेरा एकाच जागी ठेवून फक्त तिरका करत जा. बस्ती हे पूजेचं ठिकाण आहे आणि आजूबाजूला लष्करी हद्द आहे. स्टँड आत नेण्याआधी विचारून घ्या, आणि बाहेर कुठं कॅमेरा वळवायचा नाही ते पाटी वाचून समजून घ्या. ड्रोनचा तर विचारच करू नका.

गोकाकच्या धबधब्याबद्दल दोनच शब्द. घटप्रभा नदी इथं साधारण ५२ मीटर खाली कोसळते आणि कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे, म्हणजे पॅनोरमासाठीच केल्यासारखी जागा. पण झुलत्या पुलावरून काढू नका. माणसं चालली की पूल हलतो आणि त्याबरोबर कॅमेराही. कडेच्या पक्क्या खडकावरून काढा, शटर सगळ्या फ्रेमना एकच ठेवा, आणि जोडाची जागा पाण्यावर न येता खडकावर येईल असं बघा. कोसळणारं पाणी दोन फ्रेममध्ये कधीच सारखं नसतं.

कॉम्प्युटरवर

फुकटातलं सॉफ्टवेअर म्हणजे हगिन. दिसायला रुक्ष आहे, पण काम चोख. पैसे भरून वापरत असाल तर लाइटरूम आणि फोटोशॉप या दोन्हींत पॅनोरमा जोडायची सोय आहे. जुना कॉम्प्युटर असेल तर फोटो आधी निम्म्या आकाराचे करून सराव करा. आणि फोटो मोबाईलवरून कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅपनं घ्यायचे असतील तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअ‍ॅप ते लहान करतं आणि फोटोत दडलेली लेन्सची माहितीही काढून टाकतं. मग हगिन विचारतं, लेन्स कितीची होती? आणि तुम्ही आठवत बसता.

जोडण्याआधी सगळ्या फ्रेमवर एकसारखे बदल करून घ्या: कोपऱ्यांचा काळेपणा, लेन्सचा फुगवटा, व्हाइट बॅलन्स. एका फ्रेमवर करा आणि तेच सगळ्यांवर चिकटवा. कॉन्ट्रास्ट, रंग, आकाश गडद करणं वगैरे हौस जोडून झाल्यावर.

हगिनमध्ये फोटो आत घ्या आणि अलाइन दाबा. थोड्या वेळानं चित्र दिसतं आणि सरासरी चूक किती पिक्सेलची आहे तेही सांगितलं जातं. एक-दोन पिक्सेल असेल तर निश्चिंत राहा. पाचाच्या वर गेली तर कंट्रोल पॉइंट्सची यादी उघडा. हे बिंदू म्हणजे सॉफ्टवेअरनं दोन फोटोंत ओळखलेल्या सारख्या जागा. बघितलंत तर त्यातले काही ढगांवर, काही हलणाऱ्या पानांवर, एखादा चालणाऱ्या माणसाच्या शर्टावर बसलेला असतो. ते काढून टाका. ढगांवरचे बिंदू काढायला हगिनमध्ये सेलेस्ट नावाचं वेगळं टूलच आहे. चूक झपकन खाली येते. क्षितिज वाकडं असेल तर प्रीव्ह्यूमध्ये ते माउसनं ओढून सरळ करा.

मग प्रोजेक्शन निवडायचं, म्हणजे चहूकडं पसरलेलं दृश्य सपाट चित्रावर कसं उलगडायचं ते. रेक्टिलिनियरमध्ये सरळ रेषा सरळ राहतात, पण चित्र १०० अंशांच्या पुढं गेलं की कडा ताणल्या जातात. इमारत, तट, देवळाची भिंत यांना ते ठीक. गडावरून घेतलेल्या रुंद चित्राला सिलिंड्रिकल घ्या. त्यात आडव्या सरळ रेषा वाकतात, म्हणून जवळून जाणारा तट कमानीसारखा दिसतो. त्याला इलाज म्हणजे मुळात तट कमी घेणं. चहूबाजूंचं, आकाश-जमिनीसकट चित्र केलं तरच स्फेरिकल लागतं.

जोड अदृश्य कशी होते ते एकदा समजून घेतलं तर पुढं खूप कामाला येतं. १९८३ साली बर्ट आणि अ‍ॅडेल्सन या दोघांनी एक रीत मांडली, आणि हगिनसोबत येणारं एनब्लेंड त्याच रीतीनं चालतं. दोन्ही फोटो जाड आणि बारीक अशा थरांत फोडायचे. आकाशाचा रंग, उजेडाचा चढउतार अशा जाड गोष्टी रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायच्या. पान, कौल, तार अशा बारीक गोष्टी मात्र अगदी अरुंद रेषेत एकदम बदलायच्या. त्यामुळं रंगात पायरी दिसत नाही आणि बारकावे दुहेरीही होत नाहीत. जोडफोटोत हातानं मास्क (फोटोचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारा पडदा) रंगवताना हेच डोक्यात ठेवा: आकाशात मोठा मऊ ब्रश, कौलाच्या कडेला छोटा आणि कडक.

एखादा माणूस दोन्ही फ्रेममध्ये येऊन अर्धा कापला गेला असेल तर हगिनच्या मास्क टॅबमध्ये जाऊन एका फ्रेममधला तो भाग वगळा. तयार चित्र टिफमध्ये साठवा. कोपरे रिकामे राहिले असतील तर कापा. आकाशाचा कोपरा भरायला हल्लीची एआय साधनं चालतात, पण गडाचा तट किंवा देवळाची कोरीव पट्टी त्यांच्याकडून भरून घेऊ नका. ती जे भरतात ते तिथं नसतं.

जोडफोटो: आधी सोपे दोन

पॅनोरमाचा हात बसला की जोडफोटो घ्या. सुरुवात एकाच जागेवरून, ट्रायपॉडवर, एकाच उजेडात काढलेल्या फोटोंनी करा.

रविवारी राजहंसगडावर गर्दी असते. माणसं नसलेला गड हवा असेल तर ट्रायपॉड लावून वीस-तीस सेकंदांच्या अंतरानं दहा-पंधरा फोटो काढा. फोटोशॉपमध्ये फाइल, स्क्रिप्ट्स, स्टॅटिस्टिक्स असं जाऊन मीडियन निवडा. चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी सगळ्या फोटोंतल्या किमती क्रमानं लावून मधली उचलली जाते. एखादी जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असेल तर तिथली माणसं आपोआप गायब होतात. पायरीवर बसून शेंगा खाणारा मात्र तसाच राहतो. त्याला जरा उठायची विनंती करणं हे सगळ्यांत चांगलं एडिटिंग.

दुसरं काम ग्रुप फोटोचं. मंडळाचे वीस कार्यकर्ते, कुणाचे तरी डोळे मिटलेलेच. ट्रायपॉडवर सलग आठ-दहा फोटो काढा. सगळ्यांत चांगला खाली ठेवा, डोळे उघडे असलेला त्याच्यावर, आणि वरच्या लेयरला (थराला) काळा मास्क लावा. काळं म्हणजे झाकलेलं, पांढरं म्हणजे दिसणारं. आता पांढऱ्या ब्रशनं फक्त त्या चेहऱ्यावर फिरवा. गिंपमध्ये आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही हे असंच होतं. इरेझर वापरू नका. पुसलेलं परत येत नाही, मास्क कधीही दुरुस्त करता येतो.

घरातल्या थोरल्यांना मध्ये बसवायचं तर

स्टुडिओत येणारं हे नेहमीचं काम. "दादा, आबांना मधी बसवा की," म्हणत गिऱ्हाईक पाकिटातून एक पासपोर्ट फोटो काढून देतं. आबा वारलेत, नातवाचं लग्न झालंय, घरच्यांना सगळ्यांचा एक फोटो हवाय. हे काम मनापासून करावं असं मला वाटतं, आणि बहुतेक ठिकाणी ते वाईट होतं. मान खांद्यावर चिकटवल्यासारखी, चेहऱ्यावर वेगळाच उजेड, पाय जमिनीपासून वर.

पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. तो ६०० डीपीआयनं स्कॅन केला की सुमारे ८२७ बाय १०६३ पिक्सेल मिळतात. दहा माणसांच्या ग्रुपमध्ये एका चेहऱ्याला याहून कमीच लागतात, तेव्हा पुरतं. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका. वरच्या दिव्याची चमक त्यात येते आणि ती गालावर राहते.

आता त्या छोट्या फोटोकडं नीट बघा. नाकाची सावली कुठल्या बाजूला पडलीय? हनुवटीखाली गडद आहे का? बहुतेक वेळा समोरून फ्लॅश मारलेला असतो, म्हणजे चेहरा सपाट, सावली नाहीच. मग घरच्यांचा ग्रुप फोटो अंगणातल्या उन्हात काढून चालणार नाही. त्यांना सोप्यात किंवा झाडाच्या दाट सावलीत बसवा, जिथं उजेड सगळीकडून सारखा येतो. जुना फोटो बदलता येत नाही, नवा येतो. म्हणून नव्यानं जुन्याशी जुळवून घ्यायचं.

मधल्या खुर्चीवर आबांच्या अंगलटीच्या कुणाला तरी, धाकट्या भावाला म्हणा, तसाच सदरा आणि तसाच पटका घालून बसवा. त्याच फ्रेममध्ये रिकाम्या खुर्चीचाही एक फोटो घेऊन ठेवा. असं केलं की खांदे, हात, कपड्यांच्या घड्या, खुर्चीवरची सावली सगळं खरंखुरं मिळतं आणि जोडायचा उरतो फक्त चेहरा. आकार ठरवताना डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर बदली बसलेल्याच्या चेहऱ्याशी जुळवा. डोकं अगदी थोडं मोठं झालं तरी बघणाऱ्याला खटकतं, का ते सांगता येत नाही. जोड कॉलरच्या कडेवर आणि पटक्याच्या कडेवर घ्या. गळ्यावर मधोमध घेतली तर कातडीच्या दोन रंगांची रेघ लपवता लपवता दमाल. जुना फोटो किंचित दाणेदार असतो, म्हणून नव्या चित्राला थोडा नॉइज, म्हणजे तसेच दाणे, द्या, आणि शेवटी सगळ्या चित्रावर मिळून एकच रंगछटा चढवा. जुना फोटो कृष्णधवल असेल तर सगळं चित्र कृष्णधवल करायचं सुचवा. घरची मंडळी सहसा हो म्हणतात आणि निम्मं काम हलकं होतं.

उभा माणूस जोडायचा असेल तर उंचीचा एक नियम पाठच करा. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा पाच फुटांवर धरून काढला असेल तर पाच फूट उंचीच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावरून क्षितिज जातं, तो जवळ असो की लांब. साडेपाच फुटी माणसाच्या ते तोंडाजवळून जाईल. म्हणजे नवा माणूस मैदानात कुठंही ठेवा, त्याचा आकार असा करा की क्षितिज त्याला त्याच उंचीवर कापेल. एवढं एक बघितलं की राक्षस आणि बुटके जोडायचे थांबतात.

उन्हाची सावली हा दुसरा घोळ. बेळगावात मे महिन्याच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली गोळा होते. डिसेंबरच्या अखेरीस त्याच दुपारी साडेपाच फुटी माणसाची सावली साधारण साडेचार फूट लांब पडते. उन्हाळी सुट्टीतला माणूस नाताळच्या फोटोत बसवलात तर चेहरा कितीही जुळवा, जमीन सांगून टाकते. बूट जमिनीला टेकतात तिथं एक अरुंद गडद पट्टी द्या, मल्टिप्लाय मोडच्या (खालचं चित्र गडद करणाऱ्या) वेगळ्या लेयरवर, आणि पुढं ती फिकट आणि मऊ करत न्या. निव्वळ काळा रंग घेऊ नका. निरभ्र दिवशी सावलीत आकाशाचा निळसरपणा असतो, तो जमिनीवरूनच आयड्रॉपरनं उचला.

आकाश बदलायची हौस सगळ्यांना असते, आणि ती आजची नाही. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्र आणि आकाश दोन वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापत असे, कारण तेव्हाच्या प्लेटा निळ्या उजेडाला इतक्या संवेदनशील होत्या की समुद्र नीट आला तर आकाश कोरं पांढरं पडायचं. आपल्याला ती अडचण नाही, तेव्हा खरं आकाश टिकतं का ते आधी बघा. बदललंच तर पाण्यातलं प्रतिबिंबही बदला; राकसकोपच्या पाण्यात स्वच्छ दुपार आणि वर लाल संध्याकाळ असले फोटो रोज फिरत असतात. मिरवणुकीची गर्दी जोडून वाढवणं, बातमीच्या फोटोत माणूस घालणं किंवा काढणं, हे मात्र करू नका, कुणीही सांगितलं तरी. बाकी ठिकाणी जोडफोटो असल्याचं खाली बारीक अक्षरात लिहावं.

छापायला देताना

लेयरसकट मूळ फाइल वेगळी ठेवा, छापायला सपाट केलेली प्रत द्या. अल्बमला ३०० डीपीआय. फ्लेक्स लांबून बघतात, त्याला ७२ पुरतात: दहा बाय चार फुटांचा फ्लेक्स म्हणजे ८६४० बाय ३४५६ पिक्सेल, आणि वरच्या हिशेबातला सहा फ्रेमचा पॅनोरमा त्याला सहज पुरून उरतो. फ्लेक्सवर गडद भाग आणखी गडद छापले जातात, म्हणून तटाच्या सावल्या स्क्रीनवर बघताना जरा फिकट वाटतील इतक्या उघडा. दुकानदाराला मोठी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर न्या. आणि जोडाची जागा जिथं आहे तिथली फूटभर पट्टी आधी छापून मागा. स्क्रीनवर न दिसलेली रेघ कागदावर दिसली तर मास्क उघडून ती तिथल्या तिथं दुरुस्त करता येते, पूर्ण फ्लेक्स छापून झाल्यावर नाही.